जागं राहण्याचा आजार

चाकणच्या एका गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवते. वय अडतीस. माहेर-सासर दोन्ही बीड जिल्ह्यातलं, राहायला चऱ्होलीत. माझा आजार सांगितला की लोक आधी हसतात. "चहाकॉफीनं कुणाला काय होतंय?" म्हणतात. मीही तेच म्हणत होते. मग एका सकाळी माझ्या हातातलं मशीन मालासकट रॅकच्या खांबावर आदळलं आणि एक माणूस दोन फुटांनी वाचला.

त्या दोन फुटांचा विचार मी अजून करते. तोच माझ्याकडून हे लिहून घेतोय. तुमच्या घरात कुणी शिफ्टला जात असेल, तर त्यांनाही वाचून दाखवा.

सीट

लग्न झाल्यावर मिस्टरांबरोबर इकडे आले. ते भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये आहेत. मुलगी ईश्वरी बालवाडीत जायला लागली तशी मीही काँट्रॅक्टवर पॅकिंगला लागले. उभं राहून खोकी बांधायची, चिकटपट्टी लावायची. दोन वर्षांनी कंपनीनं विचारलं, बायकांपैकी कुणाला फोर्कलिफ्ट शिकायची आहे? आम्ही अकरा जणींनी नावं दिली. मैदानात रिकाम्या पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींवर, सराव चालायचा. एकेक करत सगळ्या गळाल्या, शेवटी दोघी राहिल्या. त्यातली एक लग्न होऊन नगरला गेली. राहिले मी.

पहिल्या दिवशी सीटवर बसले तेव्हा गोदामातले सगळे काम थांबवून बघत होते. कुणी वाईट बोललं नाही. पण हिला किती दिवस झेपतंय, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून मी ठरवून टाकलं, दमले हा शब्द कंपनीत तोंडातून काढायचा नाही. चार वर्षं काढला नाही.

शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. पहिली शिफ्ट असली की पहाटे चारला उठून दोन डबे. रात्रपाळी असली की सकाळी आठला घरी यायचं, मग ईश्वरीची अंघोळ, अभ्यास, जेवण. साडेबाराला तिला शाळेच्या गाडीत बसवलं की आडवं व्हायचं. एक वाजता डोळा लागायचा, तोवर कुरियरवाला नाही तर गॅसवाला दारात उभा. तीन-साडेतीन तासांची झोप, तीही तुकड्यातुकड्यांत.

उरलेल्या झोपेच्या जागी मी चहा घातला. उठल्यावर एक, बस यायच्या आधी टपरीवर एक, मग प्रत्येक ब्रेकला एक. तो पुरेना तसा कॅन्टीनच्या मशीनची कॉफी सुरू झाली. मग गेटबाहेरच्या दुकानात तो थंड, छोटा कॅन मिळतो, एनर्जी ड्रिंकचा, तो कामावरच्या एका सोबत्यानं हातात दिला. पहिल्यांदा प्यायले तेव्हा डोक्यावरचं ओझं कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं तसं वाटलं. त्या महिन्यात आठवड्याला एक. दिवाळीच्या गर्दीत रोज एक. मग दोन, शिवाय घरच्या फ्रिजमध्येही ठेवलेले.

कुणाला सांगितलं नाही

पहिल्यांदा झालं तेव्हा मी कणीक मळत होते. छातीत एकदम पिठाची गिरणी सुरू झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. धडधड वाढली असं नाही, बटण दाबल्यासारखी सुरूच झाली. दोन मिनिटांनी तशीच बंद पडली. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मग पोळ्या लाटायला घेतल्या.

असं चार वेळा झालं. मधल्या काळात बाकीचंही होत होतं, पण त्याचा संबंध मी लावलाच नाही. सुईत दोरा ओवता येईना, हात थरथरायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी चढताना दोनदा थांबायला लागायचं. सुट्टीच्या दिवशी चहा उशिरा झाला की डोकं फुटायचं, मग गोळी. ईश्वरीनं पाण्याची बाटली सांडली म्हणून एकदा तिच्या गालात मारली. तिनं रडायच्या ऐवजी माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मारापेक्षा मला जास्त लागलं.

कंपनीत दर सहा महिन्यांनी तपासणी असते. फॉर्मवर लिहिलेलं असतं: छातीत धडधड, चक्कर, भोवळ? मी 'नाही'वर खूण केली. सीट जाईल ही भीती होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण या सगळ्यात माझी सर्वांत मोठी चूक ही खूण होती. चहाचा नंबर तिच्यानंतर येतो.

ती सकाळ

रात्रपाळीचा आठवडा संपून पहिल्या शिफ्टचा पहिला दिवस होता. आदल्या रात्री झोप लागलीच नव्हती, पोटात एवढी कॉफी असताना लागणार तरी कशी. साडेआठपर्यंत दोन कॅन झाले होते.

पावणेनऊच्या सुमाराला मी सुट्या भागांच्या खोक्यांचा पॅलेट घेऊन चौथ्या गल्लीत शिरले. पुढे मंगेश उभा होता. मंगेश म्हणजे आमच्याकडे माल स्कॅन करून मोजणारा. खेड तालुक्यातला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. त्याची पाठ माझ्याकडे होती. मी हॉर्न द्यायला हात उचलला आणि छातीत ती गिरणी सुरू झाली.

या वेळी ती थांबेना. डोळ्यांच्या कडांनी अंधार आत आत यायला लागला. समोरची गल्ली नळीएवढी झाली. पाय ब्रेकवर आहे असं मला वाटत होतं, पण तो नव्हता. मशीन डावीकडे सरकलं आणि पुढचे फोर्क, ते दोन लोखंडी दांडे, रॅकच्या खांबाला जाऊन भिडले. वरची चार खोकी खाली आली. आवाजानं मंगेशनं उडी मारली, कोपरावर पडला, आणि तो जिथं उभा होता तिथं एक खोकं येऊन फुटलं.

मी किल्ली फिरवली, खाली उतरले आणि फरशीवर बसले. लोक धावत आले. मी एवढंच विचारत होते, "मंगेशला लागलं का?"

खरं किती?

कंपनीच्या अॅम्ब्युलन्समध्ये मी आडवी आणि मंगेश कोपर धरून शेजारी. हॉस्पिटलमध्ये छातीला तारा लावल्या. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी यंत्राच्या पडद्याकडे बघितलं आणि नर्सला हाक मारली. ठोके एकशे नव्वदच्या वर होते.

त्यांनी मला एका रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, मग पटकन आडवं करून पाय वर धरले. ठोके उतरले नाहीत. पुन्हा केलं. नाही.

"आता एक इंजेक्शन देतोय," ते म्हणाले. "काही सेकंद फार विचित्र वाटेल. सगळं थांबल्यासारखं. घाबरू नका, मी इथंच आहे."

खरंच सगळं थांबलं. छातीवर कुणी गुडघा रोवावा तसं झालं, आणि मग आत शांतता. एवढी शांतता की मला वाटलं, झालं, संपलं. ईश्वरीचा चेहरासुद्धा डोळ्यांसमोर आला नाही, तेवढा वेळच नव्हता. मग एक ठोका पडला. मग दुसरा, साधा, सावकाश. नर्सनं माझा हात सोडला तेव्हा कळलं की तिनं तो धरला होता.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. "चहा-कॉफी किती होते दिवसाला?"

"दोन-तीन कप," मी म्हणाले.

पडद्यापलीकडे मंगेशच्या कोपराला पट्टी बांधणं चाललं होतं. तिकडून आवाज आला, "डॉक्टर, खोटं सांगतायत त्या."

मी चादरीची घडी सरळ करायला लागले.

"सकाळी बसच्या आधी एक. साडेसहाला एक. मग मशीनची कॉफी दोनदा. शिवाय तो कॅन. आज तर दोन झालेत. मी रोज बघतो राव."

डॉक्टरांनी पडदा बाजूला केला आणि मला विचारलं, "बरोबर आहे का हे?"

जो माणूस नुकताच माझ्या हातून मरता मरता वाचला होता, त्याच्यासमोर दुसऱ्यांदा खोटं बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. मी सगळं सांगितलं. घरचा चहा, डोक्याच्या गोळ्या, झोपेचे तास, आधीच्या चार वेळा. सांगताना लाज वाटली आणि सांगून झाल्यावर हलकंही वाटलं.

वॉर्डातले दोन दिवस

दुसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, ते मला बरं वाटलं. उभ्या उभ्या बोलणारे डॉक्टर मला नेहमी निघायच्या घाईत वाटतात.

"तुमच्या हृदयात विजेची एक जादा वाट आहे, जन्मापासून," त्या म्हणाल्या. "ती बऱ्याच लोकांत असते आणि गप्प असते. तुमची तुम्ही उठवली. रक्त कमी, झोप नाही, आणि वरून एवढं कॅफीन."

"म्हणजे चहा वाईट?"

"मी स्वतः दोन कप पिते. बहुतेकांना तेवढ्यानं काही होत नाही. तुम्ही दिवसाला जेवढं घेत होता, ते कुणालाच चाललं नसतं. तुम्हाला तर नाहीच." मग त्या म्हणाल्या, "शरीर दमलं की झोप म्हणून निरोप धाडतं. कॅफीन तो निरोप पोहोचू देत नाही. दमणं जात नाही, ते कळायचं तेवढं थांबतं."

जेवल्या जेवल्या चहा घेता का, असंही त्यांनी विचारलं. घेतच होते. अन्नातलं लोह त्यामुळे अंगी लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी आपली पालक, मेथी खात होते आणि वर कपभर चहा ओतत होते.

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, पायाच्या शिरेतून तार घालून ती जादा वाट बंद करायची. दुसरा, आधी तीन महिने कॅफीन बंद, रक्त वाढवायचं, झोप पुरी करायची, रोज एक गोळी, आणि बघायचं. "दुसरा जमला नाही तर पहिला आहेच. पण या तीन महिन्यांत मशीनवर बसायचं नाही."

"आणि नंतर बसता येईल?"

"ते तुमच्यावर आहे, आणि तुमच्या तपासण्यांवर."

मला तेवढं पुरे होतं.

त्याच दुपारी डोकं दुखायला लागलं. कपाळापासून मानेपर्यंत, डोळे उघडवेनात. एकदम सुटल्यामुळे होतं, चार-सहा दिवस राहील, असं नर्सनं सांगितलं. संध्याकाळी चहाची गाडी वॉर्डातून फिरली. शेजारच्या पलंगावरच्या आजींनी बशीत ओतून फुरका मारला आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले. एका चहासाठी एवढी मोठी बाई रडते, याची मलाच कमाल वाटली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ते बघितलं. काही न विचारता त्या आल्या, ओला रुमाल कपाळावर ठेवला आणि पाच मिनिटं डोकं दाबून दिलं. त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट राहिली आहे.

"सोड ती नोकरी"

मिस्टर न्यायला आले. घरी आल्यावर म्हणाले, "सोड ती नोकरी. बास झालं आता."

"अहो, नोकरीनं नाही झालं हे."

"मग कशानं झालं? पॅकिंगला होतीस तवा काय झालतं का? कशाला करायलीस एवढं? कुणाला दाखवायलीस?"

मीही चिडले. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही एवढ्या मोठ्यानं भांडलो. ईश्वरी आतल्या खोलीत जाऊन बसली. शेवटी ते खुर्चीत बसले आणि खाली बघत म्हणाले, "फ्रिजमधले कॅन मीच आणत होतो ना. तू दमून यायचीस, म्हटलं हिला बरं वाटतंय त्यानं. मीच हातानं दिलंय तुला."

मग माझ्या लक्षात आलं. त्यांचा राग माझ्या नोकरीवर नव्हता.

मी त्यांच्या समोर बसले. म्हणाले, "मला ती सीट परत पाहिजे. तुम्ही म्हणता तसं घरी बसले तर मी बरी होईन, पण मग माझं काय उरेल? मला तीन महिने द्या. आणि सकाळचे डबे तुम्ही करा."

"मला पोळ्या येत नाहीत."

"शिका. मी फोर्कलिफ्ट शिकले."

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कणीक मळली. पोळी देशाच्या नकाशासारखी झाली. ईश्वरीनं ती डब्यात नेली.

गोळीचा कागद

चौथ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की उलटी झाली. मी कपाटातली नेहमीची गोळी काढून घेतली. अर्ध्या तासात डोकेदुखी उतरली. एवढं झटकन की मला नवल वाटलं. संध्याकाळी दिवाबत्ती करताना छातीत एक झटका आला, चार-पाच ठोके भरभर, मग बंद. मी घाबरले. दिवसभरात तर चहा-कॉफी काहीच घेतलं नव्हतं.

ईश्वरी चौथीत, इंग्रजी शाळेत आहे. मी तिला गोळ्यांची पट्टी दिली. "मागचं बारीक वाच गं."

ती खिडकीपाशी गेली, पट्टी तिरपी धरली आणि अडखळत वाचलं. मग म्हणाली, "मम्मी, यात पण कॅफीन आहे."

मी पट्टी उजेडात धरून स्वतः बघितली. होतं. ज्याच्यामुळे डोकं दुखत होतं, तेच मी डोकं दुखू नये म्हणून गिळत होते, किती वर्षं कोण जाणे. लगेच डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात फोन केला. त्यांनी दुसरी साधी गोळी सांगितली आणि पुन्हा असं झालं, पाच मिनिटांच्या वर राहिलं, तर थेट यायचं म्हणून बजावलं. तेव्हापासून घरात काहीही आलं की ईश्वरी मागचं बारीक वाचते. कोलाच्या बाटलीवर तिनंच बंदी घातली. आठव्या दिवशी सकाळी उठले तर डोकं दुखत नव्हतं. काही नव्हतं, नुसती सकाळ होती.

हौसाकाकींचा चहा

आमच्या घरमालकीण हौसाकाकी. जुन्या गावातल्या. शेतं गेली, तिथं आता इमारती आहेत, त्यातल्याच एकीत खाली त्या राहतात. येताजाता हाक मारून चहा पाजणं ही त्यांची माया. मी दोनदा काहीतरी कारण सांगून टाळलं. तिसऱ्यांदा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"काय गं, माझ्या हातचा च्या चालत न्हाई व्हय आता?"

मी त्यांना पायरीवर बसवून सगळं सांगितलं. मंगेशचंही. त्यांनी ऐकून घेतलं.

"काळजाचं हाय व्हय," त्या म्हणाल्या. "आन् मी आपली रोज वतत व्हते." मग म्हणाल्या, "पर मला एक सांग. तुला च्या लागायचा तो झोप न्हाई म्हनून. मंग च्या सोडून झोप कुठनं आननार तू?"

एवढा सरळ प्रश्न मला डॉक्टरांनीही विचारला नव्हता.

"रातपाळी आसली की पोरीला माझ्याकडं धाड. आंघोळ, जेवान, शाळेची गाडी, समदं आमी बगतो. तू आली की पडायचं. मधी उठायचं न्हाई."

"काकी, रोज कसं..."

"तुज्यासाठी न्हाई करत. मला बी दिवस जात न्हाई."

टेबल

पंधरा दिवसांनी मी कामावर रुजू झाले. मशीनवर नाही, स्टोअरच्या टेबलावर. येणाऱ्या मालाच्या नोंदी करायच्या. आधी मंगेशला गाठलं. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं, पण त्याच्यासमोर नुसतं "चुकले रे" एवढंच निघालं.

तो म्हणाला, "खरं सांगू का ताई? राग आला होता. दोन दिवस झोप नाही लागली. डोळे मिटले की ते खोकं दिसायचं. बायकोला तर सांगितलंच नाही."

"मग माझ्याबरोबर हॉस्पिटलला आलास का?"

"कोपर दाखवायला." मग म्हणाला, "तुम्ही परत बसा मशीनवर. माझं काही म्हणणं नाही. पण कॅन पिऊन बसलात तर मी स्वतः साहेबांकडे जाणार."

"जा. जायलाच पाहिजेस."

टेबलावरचे दिवस लांब होते. अकरा वाजले की सगळे ब्रेकला उठायचे आणि मी बाटलीतलं पाणी घेऊन बसायचे. पहिल्या महिन्यात मी जांभया देत होते, आकडे चुकत होते, दुपारी डोळे मिटायचे. खरा थकवा हा होता, चार वर्षांचा. तो आता कळायला लागला होता. कुणी म्हणालं, ताईला भोवळीचा आजार आहे. कुणी म्हणालं, बाईमाणूस, शेवटी टेबलच बरं. आमच्या सुपरवायझरांनी चांगल्या मनानं विचारलं, "इथंच कायम करू का? आरामाचं काम आहे."

"नको साहेब. मला सीट पाहिजे."

"पुन्हा झालं तर?"

"म्हणून तर तपासून घेऊनच बसणार. नाहीच जमलं तर मी स्वतः सांगेन. पण आधीच उतरवू नका."

मी रोज रात्री वहीत लिहायचे, किती तास झोपले, धडधड झाली का. पहिल्या पानांवर चार, साडेचार. मग पाच. हळूहळू सहा. रक्त वाढत गेलं. तिसऱ्या मजल्यावर एका दमात चढले त्या दिवशी मी वरून खाली हौसाकाकींना हाक मारून सांगितलं.

फॉर्म

तीन महिने झाले. एक पूर्ण दिवस छातीला ठोके टिपणारं यंत्र बांधून घरभर फिरले, रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर मॅडमनी लिहून दिलं. आता फक्त कंपनीच्या डॉक्टरांची सही राहिली होती.

त्यांच्या खोलीत तोच फॉर्म समोर आला. छातीत धडधड, चक्कर, भोवळ? पूर्वी कधी?

फाइलमध्ये एकाच वेळची नोंद होती, गोदामातली. त्याआधीच्या चार वेळा मी हॉस्पिटलात सांगितल्या होत्या, कंपनीत नाही. गोळीनंतरचा तो लहानसा झटकाही कंपनीला माहीत नव्हता. मी पेन धरून बसून राहिले. 'एकदा' असं लिहिलं असतं तर त्याच आठवड्यात सीटवर असते. मग मी 'सहा वेळा' असं लिहिलं, आणि खाली हेही लिहिलं की मागच्या फॉर्मवर मी खोटी खूण केली होती.

कंपनीच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे का लिहिलंत?"

"सर, माझ्या पुढ्यात माणसं उभी असतात."

ते बराच वेळ फाइल चाळत राहिले. म्हणाले, "आज मी सही करू शकत नाही. आणखी एक महिना थांबा, पुन्हा ते यंत्र लावा. तेव्हाही चांगलं आलं तर करीन."

बाहेर आल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी येऊन वहीत एक नवीन पान उघडलं आणि त्यावर तारीख टाकली. महिनाभरानं रिपोर्ट पुन्हा चांगला आला आणि त्यांनी सही केली. आधी आठवडाभर शेजारी दुसरा ऑपरेटर ठेवून, मग एकटीनं. हात थरथरत नव्हते.

आता

सीटवर परतले त्याला आता सात महिने झाले. तो झटका पुन्हा आलेला नाही. उद्या येणारच नाही असं मी म्हणणार नाही. आला तर पायातून तार घालायची ती प्रक्रिया करून घेईन, पैसे आणि सुट्टी दोन्हीची तयारी करून ठेवली आहे. चहाचा वास आला की अजून जीव तिकडे जातो. सुटलं म्हणजे विसरलं असं होत नाही.

माझं वाचून कुणी आपल्या मनानं काही बंद करू नका, गोळ्या तर मुळीच नको. डॉक्टरांना विचारा. पण विचारताना खरा आकडा सांगा. कप, कॅन, गोळ्या आणि झोपेचे तास. आम्ही शिफ्टवाले तोच आकडा लपवतो.

परवाच्या आठवड्यात सीटवर परतल्यानंतरची माझी पहिली रात्रपाळी होती. इतके महिने साहेबांनी मला ती दिली नव्हती, यावेळी मीच मागून घेतली. सकाळी आठला घरी आले. ईश्वरी खाली हौसाकाकींकडे गेलेली होती, ओट्यावर मिस्टरांनी पोळी-भाजी झाकून ठेवली होती. जेवले, पडदे ओढले आणि आडवी झाले.

जाग आली तेव्हा बाहेर जिन्यात कुजबुज चालली होती. गॅसवाला आला होता. हौसाकाकी पायरीवर बसून त्याला दबक्या आवाजात सांगत होत्या, "बेल वाजवायची न्हाई. ती झोपल्याली हाय. टाकी हितंच ठिव आन् जा."

"काकी, सही लागते."

"मंग संध्याकाळी ये. सही काय पळून चालली का तुजी?"

मी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. मी आवाज न करता कूस बदलली, आणि आणखी अर्धा तास झोपले.